चमत्कार आणि प्रश्न : मराठी संतपटांतील श्रद्धेचे चित्रण

१

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. येथे अडविलेले पाणी वीजनिर्मितीनंतर खाली सिद्धेश्वरच्या धरणात येते आणि तेथून कालव्यांनी शेतांना मिळते. सिद्धेश्वर औंढा नागनाथच्या परिसरात मोडते. औंढ्याच्या पुढे, कयाधूच्या काठी, नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी आहे. आणि दक्षिणेस गोदावरीच्या तीरावर जनाबाईंचे गंगाखेड आहे. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सर्व टापू परभणी या एकाच जिल्ह्यात होता. चित्रपटांविषयीच्या लेखाच्या आरंभी या भूगोलाचा निर्देश करण्याचे कारण असे की, चित्रपटात श्रद्धा कशी दाखवावी या प्रश्नाचा विचार करण्यास उपयोगी पडेल अशी एक कसोटी याच परिसरातील एका कथेत सापडते.

ही कथा सर्वश्रुत आहे. नामदेव औंढ्याच्या देवळासमोर कीर्तनास उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना तेथून हटविले. ते देवळामागे जाऊन कीर्तन करू लागले. आणि देऊळ फिरून त्यांच्या सन्मुख झाले. या कथेचा एक जुना आधार मराठी गाथेबाहेर आहे, हे मात्र तितकेसे ध्यानात घेतले जात नाही. शिखांच्या आदिग्रंथात, म्हणजे १६०४ साली सिद्ध झालेल्या संकलनात, नामदेवांच्या नावावर ६१ पदे आहेत. त्यांपैकी एका पदात हीच घटना प्रथमपुरुषी निवेदनात येते. त्यात औंढ्याचे नाव नाही. स्थळाचा संबंध परंपरेने जोडलेला आहे. परंतु त्या पदातील भावक्रम मोठा अर्थपूर्ण आहे. भक्त हसत देवळात येतो, भक्ती करीत असतानाच त्याला धरून उठविले जाते, आणि तेव्हा तो देवाला विचारतो की, मला या हीन जातीत जन्माला का घातलेस? मग तो आपले कांबळे उचलतो आणि मागे जाऊन बसतो. देऊळ फिरते ते त्यानंतर.

म्हणजे येथे चमत्कार हे एक उत्तर आहे. त्याच्या आधी एक अपमान आहे आणि त्या अपमानातून उठलेला एक प्रश्न आहे. तो प्रश्न गाळून केवळ फिरणारे देऊळ सांगितले, तर उरते ती एक अद्भुत गोष्ट. प्रश्नासह सांगितले, तर तीच गोष्ट देव कोणाच्या बाजूने तोंड करून आहे याविषयीचे विधान ठरते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे की, चित्रपटातील श्रद्धेच्या चित्रणाचे मूल्यमापन करताना चमत्कार दाखविला की नाही, हा निकष गौण समजावा. ज्या प्रश्नाचे तो उत्तर आहे तो प्रश्न प्रेक्षकाला जाणविला की नाही, हा निकष मुख्य मानावा.

२

या निकषाची आवश्यकता चित्रपटाच्या माध्यमात विशेष आहे, आणि त्याचे कारण माध्यमाच्या स्वरूपात आहे. कीर्तनकार चमत्कार सांगतो. तो घडतो श्रोत्याच्या मनात. महिपतीने ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांत संतांच्या ज्या कथा ओवीबद्ध केल्या, त्या अशाच श्रवणासाठी होत्या. कॅमेऱ्याला मात्र सांगता येत नाही. त्याला दाखवावेच लागते. देऊळ फिरले असे म्हणून त्याची सुटका होत नाही, त्याला देऊळ फिरवावे लागते. आणि एकदा ते फिरविले की, प्रेक्षकाचे लक्ष ते का फिरले यावरून निघून ते कसे फिरविले याकडे जाण्याचा धोका उत्पन्न होतो.

हा धोका भारतीय चित्रपटाच्या जन्मापासूनचा आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांना चित्रपटनिर्मितीची प्रेरणा मुंबईत पाहिलेल्या ख्रिस्तचरित्रावरील मूकपटातून मिळाली, आणि त्यांचे ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३), ‘लंकादहन’ (१९१७), ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) व ‘कालियामर्दन’ (१९१९) हे मूकपट पौराणिक विषयांवरच आहेत. यांपैकी ‘कालियामर्दन’ येथे लक्षणीय आहे. त्यात बालकृष्णाचे काम फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केले. चित्रपटाच्या आरंभी फाळके तिला मंदाकिनी म्हणूनच प्रेक्षकांपुढे आणतात आणि तिच्या मुद्रेवरील निरनिराळे भाव एकामागून एक दाखवितात. नंतर तीच मुलगी कृष्ण होते. म्हणजे पुढे जे दिसणार आहे तो अभिनय आहे, हे दिग्दर्शकाने आधीच उघड केले आहे. तरीही प्रेक्षकांच्या भक्तिभावाला त्यामुळे बाध आला नाही, असेच त्या काळच्या या पौराणिक मूकपटांच्या लोकप्रियतेवरून म्हणावे लागते. लळितात किंवा दशावतारात सोंग कोण घेते हे गावाला ठाऊक असते, तरी सोंग आले की लोक हात जोडतात. फाळक्यांचा प्रेक्षक या संस्कारात वाढलेला होता. मराठी प्रेक्षक पडद्यावरील चमत्काराने फसतो, हा आक्षेप म्हणूनच पुरेसा विचार करून घेतलेला नाही. तो फसत नाही. तो संमती देतो. प्रश्न असा की, ती संमती कशासाठी वापरली जाते?

३

बोलपटाच्या काळात हा प्रश्न संतपटांनी पुढे आणला. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ साली पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी ही या प्रकाराची प्रमुख निर्माती होय. तिचे ‘धर्मात्मा’ (१९३५), ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आणि ‘संत सखू’ (१९४१) हे चार बोलपट एकत्र ठेवून पाहिले असता श्रद्धाचित्रणाच्या चार निरनिराळ्या रीती दिसून येतात.

पहिला ‘धर्मात्मा’. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या या बोलपटात पैठणच्या एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली. त्याचे मूळ नाव ‘महात्मा’ असे होते. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. एकनाथांनी अस्पृश्याच्या घरी जाऊन अन्नग्रहण करणे हा कथेतील कळीचा प्रसंग आहे, आणि सोळाव्या शतकातील ही घटना समकालीन प्रश्नाला भिडते आहे हे सरकारी अधिकाऱ्यांनाही जाणवले होते, याची ते नामांतर म्हणजे एक प्रकारची पावतीच आहे. येथे प्रश्न निःसंशय आहे. परंतु तो कोणाच्या मुखातून विचारला जातो हे पाहिले पाहिजे. नामदेवांच्या पदात प्रश्न विचारणारा अपमानित भक्त स्वतः आहे. ‘धर्मात्मा’मध्ये कथेचे केंद्र उदार अंतःकरणाचा ब्राह्मण संत आहे, आणि अस्पृश्य कुटुंब हे त्याच्या औदार्याचे निमित्त आहे. ज्या वर्षी हा बोलपट पडद्यावर आला त्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली. काळाराम मंदिराचे दार पाच वर्षांच्या सत्याग्रहानंतरही उघडले नव्हते. देऊळ फिरले नाही, तेव्हा भक्ताने देवळाकडेच पाठ फिरविली. या घटनेशेजारी ‘धर्मात्मा’ ठेवला की त्याचा सद्भाव आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकाच वेळी स्पष्ट होतात.

‘संत ज्ञानेश्वर’ आणि ‘संत सखू’ यांचा विचार एकत्र करता येईल. विठ्ठलपंतांच्या मुलांवर पडलेला बहिष्कार हा पहिल्या बोलपटाचा प्रश्न आहे, आणि सासुरवास हा दुसऱ्याचा. ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये रेड्याच्या मुखातून वेद वदविले जातात, भिंत चालविली जाते, आणि हे प्रसंग तांत्रिक दृष्ट्या त्या काळाच्या मानाने कौशल्याचे आहेत. रेड्याच्या प्रसंगात प्रश्न आणि उत्तर यांचे नाते अबाधित राहते, कारण वेदाधिकार कोणाला, याच वादातून तो उद्भवतो. चालणारी भिंत मात्र सामर्थ्याची सामर्थ्याशी गाठ घालून देते. बहिष्कृत मुलांचे दुःख तेथवर मागे पडलेले असते. ‘संत सखू’मध्ये हंसा वाडकर यांनी साकारलेली सखू पंढरीस जाते आणि विठ्ठल तिचे रूप घेऊन तिच्या सासरी राबतो. परमेश्वर सुनेचे कष्ट उपसतो ही कल्पना जनाबाईच्या जात्याशी बसणाऱ्या विठ्ठलाचीच बहीण आहे, आणि तिच्यात मोठी करुणा आहे. परंतु या उत्तराने सुनेची एका यात्रेपुरती सुटका होते. घर तसेच राहते. प्रेक्षकातील स्त्रियांनी या बोलपटात स्वतःचे दुःख ओळखले असेल, पण त्या दुःखाला कथेने दिलेला निरोप मात्र घाईचा आहे.

४

‘संत तुकाराम’ या चारांहून वेगळा का ठरतो, हे आता सांगता येईल. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, मुंबईत तो एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला, या गोष्टी सर्वांस माहीत आहेत. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक मुळात तंत्रज्ञ होते. एक ध्वनीचे जाणकार, दुसरे कलादिग्दर्शक. वारकरी श्रद्धेचे मराठीतील सर्वांत विश्वसनीय चित्र ज्यांनी रेखाटले त्यांपैकी एकजण मुसलमान होता, ही गोष्टही या परंपरेच्या स्वभावाला धरूनच आहे.

या बोलपटात चमत्कारांची उणीव नाही. इंद्रायणीत बुडविलेली गाथा परत मिळते. कीर्तनास आलेल्या शिवाजीला शत्रूपासून वाचविण्यासाठी सभेतील सर्वच जण शिवाजी दिसू लागतात. शेवटी वैकुंठाचे विमान उतरते. तेव्हा या चित्राची थोरवी चमत्कार टाळण्यात आहे, असे म्हणता येणार नाही. ती जिजाईत आहे.

गौरी या अभिनेत्रीने उभी केलेली जिजाई ही देवाला न मानणारी स्त्री नव्हे. ती देवाकडे हिशेब मागणारी स्त्री आहे. घरात दाणा नाही, मुले भुकेली आहेत, म्हशीची निगा तिलाच राखावयाची आहे, आणि नवरा देवळात आहे. मूल आजारी पडते तेव्हा ती देवळात जाऊन विठ्ठलावर पायताण उगारते. या प्रसंगाला प्रेक्षक हसतो. पण ते हसणे तिच्या विरुद्ध नसते. तिचा प्रश्न त्याला पटलेला असतो. भक्ताच्या विरक्तीचे मोल कोण देते, हा तो प्रश्न आहे. महिपतीच्या ग्रंथांत कजाग पत्नी म्हणून रंगविलेल्या या स्त्रीला बोलपटाने साक्षीदाराचे स्थान दिले आहे. तुकारामाची श्रद्धा खरी आहे हे आपल्याला विमानाने पटत नाही. दिवसरात्र त्याच्याशी भांडणारी ही स्त्री त्याला सोडून जात नाही, त्याच्यासाठी चूल पेटती ठेवते, याने ते पटते. श्रद्धा ही अदृश्य वस्तू आहे. कॅमेऱ्याला तिचे छायाचित्र घेता येत नाही. दुसऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तिची किंमत आणि तिची ऊब उमटते, ती मात्र टिपता येते.

शेवटचा प्रसंग या दृष्टीने पाहावा. तुकाराम वैकुंठास निघाला आहे आणि जिजाईला बरोबर बोलावतो आहे. ती स्वयंपाकात गुंतलेली आहे आणि त्याने आधी जेवावे असे तिला वाटते. मग विमान उडते, आणि ती खाली राहते. येथे तुकारामाला उत्तर मिळाले आहे, पण जिजाईचा प्रश्न जमिनीवरच उरला आहे. दिग्दर्शकांनी तो पुसून टाकला नाही. आकाशातील विमान रंगविलेले आहे हे आज कोणाही विद्यार्थ्याच्या ध्यानात येते. तिचा वर लागलेला चेहरा मात्र आजही खोटा वाटत नाही.

परंतु एवढी स्तुती केल्यावर दोन उणिवा सांगणे अगत्याचे आहे. पहिली ही की, शूद्राने धर्मज्ञान सांगावे की नाही हा तुकारामाच्या छळामागील मूळ वाद होता. बोलपटाने त्याचे ओझे सालोमालो या एकाच ढोंगी माणसावर टाकले आहे. तुकारामाचे अभंग स्वतःच्या नावावर खपविणारा हा इसम हास्यास्पद आहे, आणि खलपुरुष हास्यास्पद झाला की व्यवस्थेचा प्रश्न एका माणसाच्या लबाडीत विरून जातो. दुसरी उणीव संशोधकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. या बोलपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक गीत इतके तुकारामाच्या वळणाचे साधले की पुष्कळांनी ते तुकारामाचेच मानले, आणि विष्णुपंत पागनीस यांचा चेहरा हाच तुकारामाचा चेहरा म्हणून असंख्य घरांत रुजला. ही कलेची सिद्धी आहे यात शंका नाही. परंतु संतचरित्राचा अभ्यास करणाऱ्याने लोकांच्या तोंडी असलेले पद, महिपतीची कथा आणि बोलपटाचा प्रसंग हे तीन थर वेगळे ठेवले पाहिजेत. आज मौखिक परंपरा म्हणून जे नोंदविले जाते त्यात १९३६ नंतरचे किती आहे, हा प्रश्न प्रत्येक संकलकाने स्वतःला विचारावा.

५

हाच निकष इतरत्र लावून पाहता तो केवळ वारकरी विषयापुरता नाही, असे दिसते. कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाच्या ‘ऑर्डेट’ (१९५५) या चित्रपटात मृत स्त्री शेवटी उठून बसते. तेथे कॅमेऱ्याची कोणतीही करामत नाही. एका शेतकरी घरातील धर्ममतांचे भांडण आणि त्या मृत्यूचे दुःख इतके साचलेले असते की प्रेक्षकच त्या उत्तरासाठी आसुसतो. सत्यजित राय यांच्या ‘देवी’ (१९६०) मध्ये उलट क्रम आहे. सासऱ्याला स्वप्न पडते, सून देवी ठरविली जाते, एक मूल बरे होते. उत्तर आधी जाहीर होते. तिला कोणी काहीच विचारलेले नसते, आणि पुढे घरचेच मूल दगावते तेव्हा त्या न विचारलेल्या प्रश्नाचा सूड पूर्ण होतो.

मराठीत हा उलटा क्रम उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’ने (२०११) दाखविला. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान या चित्रपटास विभागून मिळाला. गाय शोधायला गेलेल्या केशा नावाच्या साध्या गुराख्याला दत्ताचे दर्शन घडते. त्याचा अनुभव खरा की भास, याचा निर्णय चित्रपट देत नाही, आणि हे त्याचे शहाणपण आहे. गावाला हवे असते रुग्णालय. उभे राहते देऊळ. दुकाने येतात, रस्ते येतात, पैसा येतो. येथे कोणाचा अपमान झालेला नाही, कोणी देवाला काही विचारलेले नाही. उत्तर फुकट मिळाले आहे, म्हणून ते विकता येते. ज्याला दर्शन झाले तो केशाच शेवटी अस्वस्थ होऊन मूर्ती नदीच्या स्वाधीन करतो. ‘देऊळ’ची चेष्टा श्रद्धेवर आहे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, त्या गावात प्रश्न शिल्लक असलेला एकमेव भक्त तोच आहे. तीन वर्षांनी आलेल्या परेश मोकाशी यांच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त (२०१४) पंढरपूरचीच मुले कार्तिकी एकादशीच्या गर्दीत बांगड्या विकून घरची अडचण निवारू पाहतात. त्यात चमत्कार नाही. पण वारीच्या वाळवंटात जिजाईचा हिशेब पुन्हा मांडलेला आहे, आणि तो मुलांनी मांडल्यामुळे अधिकच सरळ झाला आहे.

यावरून निघणारा निष्कर्ष असा. श्रद्धेचे चित्रण करणाऱ्या चित्रपटांची विभागणी आपण सामान्यतः भाविक आणि चिकित्सक अशी करतो. ती वरवरची आहे. ‘संत तुकाराम’ आणि ‘देऊळ’ हे या विभागणीत परस्परविरुद्ध टोकांना पडतील. प्रत्यक्षात दोहोंतही देवाला जाब विचारण्याचा हक्क माणसाकडे ठेवलेला आहे. याउलट ज्या भक्तिपटांत चमत्कारामागून चमत्कार येतो आणि मध्ये कोणाला भूक लागत नाही, ते कितीही सोवळे असले तरी संतांच्या परंपरेपासून दूर आहेत. संतांची कविता ही देवाशी भांडणाऱ्यांची कविता आहे, हे मराठीच्या विद्यार्थ्यास सांगावे लागू नये.

औंढ्याच्या परिसरात नामदेवांची आणखी एक कथा सांगतात. गुरूच्या शोधात आलेल्या नामदेवांना विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले आढळतात. पाय काढा म्हणताच विसोबा म्हणतात की, जेथे देव नाही तेथे ते तूच उचलून ठेव; आणि नामदेव जेथे पाय ठेवू जातात तेथे पिंड उपजते. कॅमेऱ्याला या कथेत दाखविण्यासारखे पुष्कळ आहे. हव्या तितक्या पिंडी त्याला उगविता येतील. पण कथेचा गाभा त्या पिंडीत नाही. दोन्ही हातांत गुरूचे पाय धरून, ते कोठे ठेवावेत हे न कळून क्षणभर थबकलेल्या नामदेवांच्या मुद्रेत तो आहे. श्रद्धेवर चित्रपट करू इच्छिणाऱ्याने कॅमेरा तेथे लावावा, आणि समीक्षकाने त्याचे मोजमापही तेथेच करावे.